हत्ती इथला आहे का?

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगाला एक दगडी हत्ती उभा आहे. गेल्या हिवाळ्यात त्याच्यासमोर एक पाचेक वर्षांची मुलगी थबकली. टोपी मागे सारून, मान वर करून तिने विचारलं, "पप्पा, हा इथलाच आहे का?" वडिलांच्या कडेवर धाकटं झोपलेलं, खांद्याला पिशवी, आणि आई पेंग्विनच्या रांगेत पुढे जाऊन उभी. "हो गं, इथलाच. चल, रांग सुटेल," असं म्हणत ते तिला घेऊन गेले. रविवारच्या त्या गर्दीत दोन मुलं सांभाळणाऱ्या माणसाने याहून वेगळं काय सांगायचं? तो प्रश्न मात्र माझ्या मनातून हलेना. घरी आले, जेवणं झाली, दिवे मालवले, तरी तो तिथेच. उत्तर मला ठाऊक होतं, म्हणूनच तो टोचत असावा. हत्ती इथला नाही. पण नुसतं "नाही" म्हणून मोकळं व्हायला जीभ रेटत नव्हती.

तो घारापुरीचा. बेटावर उतरण्याच्या जागेजवळ हा हत्ती पोर्तुगिजांनी पाहिला आणि त्यावरून बेटालाच एलिफंटा म्हणायला लागले. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला. क्रेनची साखळी तुटली, हत्ती पडला आणि फुटला. मग ते तुकडे राणीच्या बागेत आले, आणि १९१४ मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला गेला. म्हणजे मधली पन्नास वर्षं तो तुकड्यांतच होता. आज जवळ जाऊन पाहिलं की अंगावरचे सांधे दिसतात. पावसाळ्यानंतर त्यांत शेवाळ धरतं, आणि मार्च उजाडला की ते करपून दगडाच्या रंगात मिसळून जातं. हत्तीकडे शिल्प म्हणून बघणाऱ्याला त्यात फार काही सापडणार नाही, कारण पाण्यापावसाने त्याचं नाकडोळ्यांचं काम केव्हाच पुसून नेलंय. मला तरी त्याचे सांधेच बघावेसे वाटतात.

माझे आजोबा राजापूरकडचे. बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले ते गिरणीत लागले आणि लालबागच्या चाळीत राहिले. सुट्टीच्या दिवशी आम्हा नातवंडांना ते राणीच्या बागेत न्यायचे. वाघ, माकडं, गेंडा हे सगळं आम्ही धावत बघायचो आणि आजोबा मागून सावकाश यायचे. ते थांबायचे फक्त या हत्तीपाशी. एकदा म्हणाले, "आमी दोगव पान्यावरनं आलाव." एवढंच. तेव्हा आम्हाला त्यात काही कळलं नाही. त्यांनी उभा जन्म मुंबईत काढला, पण घर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर राजापूरचंच घर यायचं. शिमग्याला आणि गणपतीला ते गावी "जायचे", आणि मुंबईला "परतायचे" नाहीत, मुंबईला "निघायचे". मुंबईचे कोण, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी स्वतःचं नाव घेतलं नसतं. आणि तरी बागेतली गोरखचिंच कुठे, कैलासपतीचं झाड कुठे, उर्वशीला फुलं कधी येतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. गोरखचिंच आफ्रिकेची, कैलासपती दक्षिण अमेरिकेचा, उर्वशी ब्रह्मदेशची. हे मला फार नंतर कळलं. आजोबांना ते माहीत होतं की नाही, कोण जाणे.

आता बागेत पेंग्विन आहेत. हम्बोल्ट पेंग्विन, मूळ पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, २०१६ मध्ये सोलहून आणलेले. काचेपलीकडे ते पाण्यात सूर मारतात तेव्हा पोरं किंचाळतात, आणि त्या आनंदात खोट काढावी असं मला वाटत नाही. खंत एवढीच की तिथून निघालेली गर्दी सरळ फाटकाकडे वळते. संग्रहालयाची पायरी चढणारे थोडे. चढले तर आत काय आहे! इंग्लंडहून आलेल्या मिंटनच्या फरश्या, लोखंडी खांब, त्यांवरचा सोन्याचा मुलामा आणि मध्यभागी राणीच्या नवऱ्याचा संगमरवरी पुतळा. १८७२ मध्ये हे संग्रहालय लोकांसाठी उघडलं तेव्हा त्याचं नावच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं. भाऊ दाजींचं नाव लाभायला १९७५ उजाडावं लागलं. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला हा डॉक्टर. जुने शिलालेख वाचायचा, कुष्ठरोगावर औषध शोधायचा आणि या संग्रहालयासाठी खपायचा. कुटुंब गोव्यातून आलेलं.

तिथे मी सगळ्यात जास्त वेळ मातीच्या बाहुल्यांपुढे घालवते. मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांचे स्त्री-पुरुष, वीतभर उंचीचे, काचेच्या कपाटांत. कुणाची पगडी, कुणाचं पागोटं, कुणाच्या धोतराचा काष्टा, नेसण्याची एकेक तऱ्हा. बनवणाऱ्याने पागोट्याचा पीळ असा वळवलाय की कापड ताणलेलं कुठे आणि सैल कुठे, ते मातीतसुद्धा कळतं. एकाच्या कपाळावर पागोट्याच्या कडेची सावली पडते आणि तेवढ्याने तो माणूस उन्हातून आलाय असं वाटतं. या बाहुल्या साहेबाने प्रजेची यादी करावी तशा केल्या गेल्या, हे मला माहीत आहे आणि ते खुपतंही. माणसांना जातीपातीने मांडून, चिठ्ठ्या लावून ठेवलेलं बघवत नाही. पण त्याच कपाटात मुंबई नावाची गोष्ट एका नजरेत दिसते, आणि तिच्यात मूळची म्हणावी अशी माणसं किती थोडी आहेत तेही. कोळी सोडले तर जवळजवळ प्रत्येक बाहुली कुठून तरी येऊन इथे उभी आहे.

संग्रहालयाच्या आवारातला दुसरा पाहुणा म्हणजे काळा घोडा. खरा, मूळचा. घोड्यावर इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड बसलेला आहे. १९६५ मध्ये फोर्टातल्या चौकातून त्याला काढून इकडे आणलं, पण चौकाचं नाव काही हललं नाही. फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा कला महोत्सव भरतो तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. पोरंपोरी नव्या घोड्याशेजारी फोटो काढतात. २०१७ मध्ये बसवलेला तो घोडा स्वाराविना आहे. स्वार गेला आणि घोडा राहिला, याचा मला मनापासून आनंद होतो. तरी भायखळ्याचा तो जुना घोडा बघून पोटात काहीतरी हलतं. अख्ख्या परिसराला नाव देऊन तो स्वतः मात्र तिथून उठून आलेला.

महोत्सवाची गर्दी फार झाली की मी रस्ता ओलांडून म्युझियममध्ये शिरते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे पूर्ण नाव बसच्या कंडक्टरपासून कुणीच घेत नाही. सगळ्यांसाठी ते "म्युझियम". जॉर्ज विटेट नावाच्या स्कॉटिश वास्तुशिल्पीने ते बांधलं. घुमट विजापूरकडचा, कमानी मोगल, आणि आतल्या मोठ्या दालनात मराठी वाड्याचे लाकडी खांब आणि सज्जे. इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि महायुद्ध सुरू झालं, त्यामुळे सुरुवातीला इथे जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. वस्तूंना जागा मिळाली ती १९२२ मध्ये. मीरपूरखासच्या स्तूपावरच्या भाजल्या मातीच्या मूर्ती इथे आहेत. मीरपूरखास आता पाकिस्तानात. असिरियाच्या राजवाड्यातले दगडी पट्ट आहेत, म्हणजे इराकचे. तिथल्या एका बाकावर बसून समोरच्या असिरियन दाढीचे कुरळे मोजत राहावं, बाहेर बसचा भोंगा वाजावा, आणि या दाढीवाल्याला इथे येऊन आपल्या आजोबांपेक्षा जास्त वर्षं झालीत हे ध्यानात यावं. मला यात एक प्रकारचा धीर मिळतो.

विटेटनेच गेटवे बांधला आणि परळचं केईएम रुग्णालयसुद्धा. एकाच माणसाचं काम. पण गेटवेपुढे अख्खं जग फोटो काढतं आणि केईएमच्या दगडी भिंतीकडे मान वर करून बघायची सवड तिथे आलेल्या कुणालाच नसते. १९२६ मध्ये विटेट इथेच वारला. शिवडीच्या कबरस्तानात त्याला पुरलं आहे.

सीएसएमटीबद्दल वेगळं काय लिहू? ती इमारत "बघायला" जाणारे परदेशी, आणि रोज तिच्या पोटातून ये-जा करणारे आपण. पण एकदा तरी, दुपारी गर्दी ओसरलेली असताना, लोकलच्या तिकिटांचं ते जुनं दालन बघाच. स्टार चेंबर म्हणतात त्याला. वर निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत. मी तिथे रांगेत उभी असताना एक म्हातारा माणूस, कल्याण की कर्जत असं काहीतरी पुटपुटत सुटे पैसे काढत होता. नाणी मोजता मोजता त्याची नजर वर गेली आणि तो क्षणभर मोजणं विसरला. मागच्याने "काका, चला" म्हटलं. फ्रेडरिक स्टीव्हन्सने कागदावर हे स्थानक रेखाटलं. त्यावरची माकडं, मोर, पानंफुलं कोरण्यात जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. दर्शनी भागात घड्याळाखाली एक कोनाडा रिकामा आहे. तिथे राणीचा पुतळा होता. त्या कोनाड्यात दुसरं काही बसवलं नाही हे मला बरं वाटतं. रिकामा कोनाडा बघून कुणीतरी विचारेल तरी, इथे कोण होतं म्हणून.

स्टीव्हन्सच्या मुलाने, चार्ल्सने, पुढे रीगल सिनेमा बांधला. बापाचं गॉथिक, मुलाचं आर्ट डेको.

या बापलेकांच्या शैली एकमेकांसमोर बघायच्या असतील तर ओव्हल मैदानावर जावं. पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, उच्च न्यायालय. काळापिवळा दगड, टोकदार कमानी. पश्चिमेला १९३० नंतरच्या इमारतींची ओळ. गोल वळणाच्या गॅलऱ्या, जहाजासारखे कठडे, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. मधून जी पायवाट जाते तिच्यावर संध्याकाळी साडेपाचला उभं राहायचं. ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून आर्ट डेकोच्या दर्शनी भिंती सावलीत आणि टॉवर उजळलेला. चेंडू कुणाच्या कुठल्या मॅचचा ते कळत नाही, कारण एका मैदानात एका वेळी कितीतरी मॅच चाललेल्या असतात. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा ठरवला, एक बाजू नव्हे. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. टॉवरचा आराखडा करणारा गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही. लंडनला बसून त्याने तो काढला. आणि पश्चिमेच्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती जमीनसुद्धा मूळची नाही. तिथे बॅकबेचं पाणी होतं. भराव घालून समुद्राकडून ती घेतलेली. छज्जे मात्र इथल्या पावसाला बरोबर लागू पडले. जुलैत मुसळधार कोसळत असताना मी एका छज्ज्याखाली उभी राहून पाहिलंय: पाणी भिंतीला न शिवता बाहेरच्या बाहेर पडतं, आणि वरच्या मजल्यावरची खिडकी खुशाल उघडी असते.

वास्तू जागच्या हलत नाहीत, त्यामुळे त्या बघायचं उद्यावर टाकता येतं. मोसमाचं तसं नाही. फेब्रुवारी संपता संपता विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेचे टॅबेबुया गुलाबी होतात. मूळचं हे झाड मध्य अमेरिकेकडचं. लोक बाइक बाजूला लावून फोटो काढतात, आणि "आपल्याकडचा चेरी ब्लॉसम" म्हणून पाठवतात. तो चेरी नाही, पण "आपल्याकडचा" हा शब्द ऐकून मी काही बोलत नाही. आठवडाभरात तो बहर डांबरावर येतो आणि चाकांखाली जातो. ज्याचं त्या आठवड्यात जाणं झालं नाही, त्याला वर्षभर थांबणं आलं.

आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. हिवाळ्याच्या तोंडावर ते ठाण्याच्या खाडीत, शिवडीच्या चिखलात उतरतात आणि पावसाआधी जातात. शिवडी स्टेशनला पूर्वेला उतरायचं, ट्रक-टँकरच्या रस्त्याने चालत जेट्टी गाठायची. चिखलाचा, तेलाचा आणि सुकल्या मासळीचा वास एकत्र येतो. आधी भरती-ओहोटीची वेळ बघून निघावं लागतं. पूर्ण ओहोटीला पक्षी फार लांब पांगलेले असतात, नुसती गुलाबी रेघ दिसते. भरतीचं पाणी चढू लागलं की ते त्याच्यापुढे किनाऱ्याकडे सरकत येतात. मग डोळ्यांनीसुद्धा दिसतं, की हा पक्षी चोच उलटी धरून खातो. मान खाली, डोकं पालथं, आणि चिखल गाळून शेवाळ पोटात. पंखांचा रंगही त्या खाण्यातूनच येतो. नव्वदच्या दशकापासून ते इथे एवढ्या मोठ्या संख्येने येऊ लागले. जाणकार सांगतात, शहराचं सांडपाणी खाडीत मिसळतं, त्यावर हे शेवाळ पोसतं, आणि त्यावर रोहित. आपल्या घाणीवर हा सोहळा उभा आहे हे कळल्यापासून मला तो निर्भेळपणे बघता येत नाही, आणि न बघताही राहवत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काही पक्ष्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले, त्यावरून ते गुजरातकडे जातात हे नेमकं कळलं. मे २०२४ मध्ये घाटकोपरला उतरत्या विमानावर एक थवा धडकला, चाळीसच्या आसपास पक्षी मेले. रस्त्यात, गच्च्यांवर गुलाबी पिसं पडली होती. त्या रात्री आमच्या इमारतीतल्या बायका जिन्यात उभ्या राहून हळहळत होत्या, घरचं कुणी गेल्यासारख्या. आता शिवडीच्या चिखलावरूनच अटल सेतू निघतो. पूल हवा होता, हे मी मान्य करते. पण दर डिसेंबरला पहिली बातमी येईपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो: आले का?

हत्ती घारापुरीला परत नेऊन ठेवावा, असं मला मधल्या काळात फार वाटत होतं. जिथून नेला तिथे तो नेऊन ठेवणं हा न्याय आहे. मग मनात येतं, तो तिथून निघाला तो तुकड्यांत. तिथे पोचणार तो जोडलेला. त्याचं तुटणं घारापुरीला झालं आणि जुळणं भायखळ्याला. एवढ्या वर्षांत लालबाग-परळच्या किती पोरांनी आयुष्यातला पहिला हत्ती म्हणून हाच पाहिला असेल. माझं मत अजून पक्कं होत नाही. ज्या गोष्टीबद्दल खात्री आहे ती एवढीच, की त्याच्यापाशी त्याची संपूर्ण कथा मोठ्या मराठी अक्षरांत असली पाहिजे, साखळी तुटण्यासकट, पाच वर्षांच्या मुलीच्या बापाला रांगेत जाता जाता वाचता येईल इतकी मोठी.

या शहरात अगदी इथलंच म्हणावं असं काय, हे शोधत मी दर पावसाळ्यात कान्हेरीला जाते. ते कुणी उचलून आणू शकत नाही, नेऊ शकत नाही, डोंगरातच कोरलेलं. शंभराहून अधिक लेणी, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या दाराशी पाण्याची पोढी. पावसात ती रचना चालू होते. माथ्यावरून आलेलं पाणी खडकात खोदलेल्या बोटभर रुंदीच्या पन्हळीतून वळतं, एका कोपऱ्याला थांबतं, आणि पोढीत पडतं. हे काम करणाऱ्याने उतार किती अचूक धरलाय! इतक्या शतकांनीही पाणी चुकत नाही. एरवी फिरणारे भिक्खू पावसाळ्यातले तीन महिने अशा जागी मुक्काम करत; वर्षावास. म्हणजे कान्हेरीतही माणसं मोसमाला येत होती. ही लेणी कोरायला पैसे कुणी दिले ते शिलालेखांत आहे: कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे व्यापारी, गृहस्थ, त्यांच्या घरच्या बायका. दगड इथला, दान बाहेरगावचं.

आणि ९० क्रमांकाच्या लेण्यात आणखी एक लिखाण आहे, पहलवी लिपीत. १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये काही पारशी मंडळी इथे येऊन गेली. त्यांनी काय लिहिलं? दिवस, महिना, वर्ष, आपली नावं, आपल्या वडिलांची नावं. दान दिल्याचा दावा नाही. बौद्धांचं लेणं बघायला आलेली दुसऱ्या धर्माची, दुसऱ्या भाषेची माणसं, बघून गेली आणि आल्याची नोंद करून गेली. भिंतीवर बदाम कोरणाऱ्यांवर मी आजही ओरडते आणि ओरडत राहणार, पण या ओळींपुढे हात जोडावेसे वाटतात. कान्हेरी सोमवारी बंद असतं. बाकी कुठल्याही दिवशी, शक्यतो सकाळी, वर चढत ९० नंबरपर्यंत जा. बहुतेक लोक तीन नंबरच्या मोठ्या बुद्धमूर्ती बघून खाली वळतात.